केसिंगच्या आतली सफाई : एका विहिरीच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

तेल-वायूच्या विहिरीची फाइल आज हातात आली. वर ९ ५/८ इंची, ४७ पौंडी (फुटाला वजन) केसिंग, म्हणजे विहिरीच्या भिंतीला लावलेला पोलादी नळ. खाली ७ इंची, २९ पौंडी लायनर, म्हणजे केसिंगच्या खालच्या भागात टांगलेला बारीक नळ. लायनरचं तोंड ९,२०० फुटांवर, लँडिंग कॉलर (तळाकडे सिमेंटिंगचा प्लग येऊन बसतो तो भाग) ११,७२० फुटांवर. सिमेंटिंग आटोपलं आहे. आत ११.२ पीपीजीचं (गॅलनला पौंड) ऑइल-बेस मड, म्हणजे खोदकामाचा तेलकट द्रव, उभं आहे. ते काढून १०.२ पीपीजीचं कॅल्शियम क्लोराइड ब्राइन (क्षाराचं पाणी) भरायचं आणि पॅकर (नळाच्या आत बसणारा सील) बसवणाऱ्यांच्या हाती स्वच्छ विहीर द्यायची, एवढं आमचं काम.

आधी वेगांचं गणित मांडलं, कारण टूल निवडणं त्यावरच ठरतं. लायनरमध्ये ३ १/२ इंची पाइप जाणार, त्याच्या वर ५ इंची. खालच्या बारीक पाइपमुळे आणि अरुंद जागेमुळे पंप २५० गॅलन प्रति मिनिटाच्या फार वर नेता येत नाही. या दराने लायनर आणि पाइप यांच्यामधल्या जागेत प्रवाह मिनिटाला सुमारे २३५ फूट धावतो. तोच प्रवाह लायनरच्या तोंडातून ९ ५/८ केसिंगमध्ये आला की वेग १२० फुटांवर येतो. म्हणजे निम्मा. आणि नेमक्या त्या जागी विहिरीचा कल ५२ अंश आहे.

या कलात बसलेला गाळ स्वस्थ पडून राहत नाही. पंप थांबला की खालच्या बाजूचा थर घसरून परत लायनरकडे येतो. त्यामुळे लायनर कितीही घासून काढलं, तरी सुटलेला कचरा तोंडाच्या वर थबकणार आणि पाइप उपसताना मागे खाली जाणार. या विहिरीचं सगळं काम त्या शंभर-दोनशे फुटांवर अवलंबून आहे. खरवडणं सोपं आहे, खरवडलेलं बाहेर आणणं अवघड आहे.

म्हणून स्ट्रिंगमध्ये, म्हणजे पाइप आणि टूल्सच्या माळेत, लायनरच्या तोंडाच्या वर सर्क्युलेशन सब (बाजूला उघडणाऱ्या भोकांचा तुकडा) हवा. तो उघडला की प्रवाह बारीक पाइपात न जाता थेट मोठ्या केसिंगमध्ये सुटतो. मग ६०० गॅलन देता येतात आणि वेग २९० फुटांपर्यंत चढतो.

६ फेब्रुवारी

बैठक. सर्क्युलेशन सबवरूनच वाद झाला. रिगवरच्या मुख्य साहेबांचं म्हणणं, "स्क्रॅपर आहे, ब्रश आहे, मॅग्नेट आहेत, मग या सबवर अजून तास का घालवायचे?" प्रश्न रास्त आहे, रिगचा तास महाग असतो. मी परवाचं गणित फळ्यावर लिहिलं, २३५ च्या शेजारी १२०. मड इंजिनिअर मॅडमनी त्यात भर घातली, की ब्राइनला घट्टपणा नसतो. मड थांबलं तरी बॅराइट (वजनासाठी घातलेली खनिज पूड) काही वेळ धरून ठेवतं, ब्राइन काहीच धरत नाही. साहेब थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, पण एकदाच उघडायचा."

एकदा उघडून भागणार नाही. स्पेसर (मड आणि ब्राइन वेगळे ठेवणारा मधला द्रव) तळाशी वळून वर यायला लागला की पंप थांबवायचा नाही हा नियम आहे. थांबलो तर मड, स्पेसर आणि ब्राइन एकमेकांत मिसळतात, आणि तो चिकट लगदा पुन्हा भिंतीला लागतो. सब उघडायला पाइपात गोळी सोडावी लागते, आणि ती टाकायला मात्र पंप थांबवावा लागतो. म्हणजे सब आधी मडमध्येच उघडून वरचं केसिंग जोरात धुवायचं, मग बंद करून तळाच्या बिटमधून डिस्प्लेसमेंट (मड ढकलून ब्राइन भरणं) करायचं, आणि ब्राइन पूर्ण भरलं की पुन्हा उघडायचा. त्यासाठी अनेकदा उघडझाप होणारा सब मागवायचं ठरलं. वजन टेकवून उघडणाऱ्या प्रकाराचाही विचार झाला. त्यात गोळीची वाट बघावी लागत नाही, पण उघडा ठेवायला मिल (तोंडाची कड घासणारं टूल) लायनरच्या तोंडावर टेकवून ठेवावी लागते आणि पाइप वर-खाली हलवता येत नाही. तिरक्या विहिरीत ते मला नको आहे.

९ फेब्रुवारी

वर्कशॉप. टूल्सची तपासणी.

७ इंची २९ पौंडी लायनरचा आतला व्यास ६.१८४ इंच, ड्रिफ्ट, म्हणजे नळातून हमखास जाणारा व्यास, ६.०५९. स्क्रॅपरची बॉडी ड्रिफ्टपेक्षा लहान आणि पाती मोकळी सोडल्यावर आतल्या व्यासापेक्षा मोठी असायला हवीत, म्हणजे स्प्रिंग त्यांना भिंतीवर दाबून धरते. प्रत्येक पातं हाताने आत दाबून सोडलं. एक पातं दाबल्यावर जागच्या जागी अडकलं. उघडलं तर स्प्रिंगच्या मागच्या खोबणीत मागच्या कामाचं वाळलेलं सिमेंट निघालं. असं पातं विहिरीत गेलं असतं तर त्या बाजूची एक पट्टी कुणाच्या लक्षात न येता न खरवडता राहिली असती. पातं, स्प्रिंग, अडकवणारे स्क्रू, सगळं बदलून घेतलं. आतून सुटलेला एक स्क्रूसुद्धा पॅकरला आडवा येऊ शकतो.

ब्रशबद्दल नेहमीचा प्रश्न आला, तारा स्टेनलेसच्या लावायच्या का? मी नको म्हटलं. नेहमीचं स्टेनलेस, ऑस्टेनिटिक जातीचं, चुंबकाला चिकटत नाही. अशा तारा तुटून खाली पडल्या तर मॅग्नेट त्यांना उचलणार नाही. या विहिरीचं केसिंग साध्या कार्बन स्टीलचं आहे, त्यामुळे साध्या पोलादी ताराच बऱ्या.

मॅग्नेट मात्र नीट निवडावे लागले. तळाचं तापमान १४० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. निओडिमियमच्या साध्या जाती ८० अंशांच्या वर ताकद गमावू लागतात. उच्च तापमानाच्या जाती जास्त टिकतात, आणि समेरियम कोबाल्ट तर ३०० अंशांच्या आसपासही काम करतं. लायनरमध्ये जाणारे मॅग्नेट समेरियम कोबाल्टचे घेतले. दोन्ही टोकांचे सेंट्रलायझर नवे बसवले, कारण मॅग्नेटचा पृष्ठभाग भिंतीला घासला की गोळा केलेलं लोखंड पुसलं जातं. खोक्यांवर ठळक अक्षरांत लिहायला सांगितलं, की पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ येऊ नये.

१० फेब्रुवारी

आज फक्त टॅली, म्हणजे पाइप आणि टूल्सच्या लांबीचा हिशोब. बिट लँडिंग कॉलरवर टेकण्याच्या बेतात असताना ९ ५/८ च्या टूल्सपैकी एकही लायनरच्या तोंडात शिरता कामा नये. बिटपासून तोंडावरच्या मिलपर्यंतचं अंतर २,५१५ फूट ठेवलं, म्हणजे मिल तोंडावर टेकेल तेव्हा बिट तळापासून पाच फुटांवर असेल. ३ १/२ इंची पाइपचा प्रत्येक जॉइंट दोघांनी वेगवेगळा मोजला, आकडे जुळवून पाहिले. या कामात घाई चालत नाही. मोठा स्क्रॅपर लायनरच्या तोंडात ठोकला गेला, तर सफाईच्या कामाचं फिशिंगचं, म्हणजे अडकलेलं टूल काढण्याचं, काम होतं.

१२ फेब्रुवारी

मॅडमच्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस. व्हिस्कोमीटरच्या (घट्टपणा मोजायच्या यंत्राच्या) फिरत्या नळीवर विहिरीतलंच मड माखायचं, काही वेळ बसू द्यायचं, मग धुण्याच्या द्रावणात फिरवायचं आणि किती निघालं ते बघायचं. पहिल्या द्रावणाने वरवरचं सगळं गेलं, नळी स्वच्छ दिसली. पण तिच्यावर पाणी टाकलं तर पाण्याचे गोळे होऊन घरंगळले. म्हणजे तेलाची फिल्म तशीच होती. सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) वाढवल्यावर पाणी सपाट पसरलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता झालं." दिसायला स्वच्छ असणं वेगळं आणि भिंतीने पाणी धरणं वेगळं. ही फिल्म राहिली तर तिला चिकटलेले कण नंतर हळूहळू ब्राइनमध्ये उतरत राहतात.

मड आणि स्पेसर वेगवेगळ्या प्रमाणात मिसळूनही बघितलं. अर्ध्या-अर्ध्या मिश्रणात घट्टपणा अचानक वाढला. तो टाळायला दोघांच्या मध्ये बेस ऑइल सोडायचं ठरलं. क्रम असा: बेस ऑइल, मग वजनदार घट्ट पिल (मध्ये सोडलेला घट्ट द्रवाचा टप्पा), मग धुण्याचं द्रावण, मग पुन्हा घट्ट पिल, शेवटी ब्राइन.

द्रावण भिंतीला निदान दहा मिनिटं लागावं हा आमच्याकडचा प्रघात. २५० गॅलनच्या दराने त्याला ६० बॅरल पुरतात. पण पुढची आणि मागची कड वाटेत मिसळून निकामी होते, आणि मोठ्या केसिंगमध्ये ६० बॅरलची लांबी जेमतेम १,२०० फूट भरते. ९,२०० फुटांच्या प्रवासाला ती तोकडी आहे. १२० बॅरल घेतले.

१५ फेब्रुवारी

रिगवर पोहोचलो. पिट, म्हणजे द्रवाच्या टाक्या, बघितले. तळाशी बॅराइटचा थर होता, तो उपसून, धुऊन, पुन्हा धुऊन घेतला. व्हॉल्व्ह आणि जोडनळ्यांतलं मड सहज विसरलं जातं, ते स्वतः उभं राहून वाहून जाताना पाहिलं. पाइप डोपचंही (आट्यांना लावायचं ग्रीस) सांगितलं: फक्त पिनवर, म्हणजे बाहेरच्या आट्यांवर, आणि पातळ थर. बॉक्समध्ये, म्हणजे आतल्या आट्यांत, भरपूर थापलं की जोडताना ते पाइपच्या आत सरकतं आणि तिथून थेट विहिरीत जातं.

१६ फेब्रुवारी

इन्फ्लो टेस्ट, म्हणजे आतला दाब कमी करून विहिरीत बाहेरून काही शिरतं का ते बघणं. ही आमच्या टूल्सची परीक्षा नाही, पण हिच्याशिवाय पुढे जाऊ नये यावर मी ठाम असतो. ११.२ चं मड जाऊन १०.२ चं ब्राइन आलं की १०,३०० फुटांच्या उभ्या खोलीवर दाब सुमारे ५३५ पीएसआयने (चौरस इंचाला पौंड) कमी होणार. सफाईचं काम म्हणजे विहिरीवरचं ओझं उतरवण्याचंही काम आहे. लायनरच्या तोंडाचं सिमेंट आणि सील ते झेलू शकतं का, हे ओझं उतरवण्याआधी कळलं पाहिजे.

टेस्ट पॅकर तोंडाच्या वर बसवला, पाइपात हलकं बेस ऑइल घेऊन दाब कमी केला आणि वर नळी उघडून ठेवली. सुरुवातीला बारीक धार आली. नवा फ्लोअरहँड (रिगवरचा कामगार) दचकला, "सर, हे तर वाहतंय!" त्याला शेजारी उभं करून घड्याळ दिलं. खालच्या उष्णतेने द्रव फुगतो, तो थोडा बाहेर येतोच. ती धार सतत कमी होत जायला हवी. धारेचे थेंब झाले, थेंबांमधलं अंतर वाढत गेलं, शेवटी थांबले. दर स्थिर राहिला असता किंवा वाढला असता तर तिथेच काम बंद.

त्याला डीपवॉटर होरायझन या रिगबद्दल सांगितलं. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात मड काढून समुद्राचं पाणी भरण्याचं काम चालू होतं. निगेटिव्ह टेस्टमध्ये (अशाच इन्फ्लो टेस्टमध्ये) ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दिसत होते आणि किल लाइन, म्हणजे विहिरीला जोडलेली बाजूची नळी, मात्र वाहत नव्हती. वाहत नसलेल्या लाइनवर विश्वास ठेवला गेला. अकरा माणसं गेली. तिथे स्पेसर म्हणून उरलेलं लॉस्ट सर्क्युलेशनचं (खडकातल्या भेगा बुजवायचं) साहित्य वापरलं होतं, हेही चौकशीत पुढे आलं. आपण स्पेसर कशाचा करतो आणि टेस्टचा आकडा पटला नाही तर काय करतो, हे दोन्ही प्रश्न सफाईवाल्या माणसाचे आहेत.

१८ फेब्रुवारी

स्ट्रिंग उतरली. पॅकर जिथे बसणार तिथल्या पट्ट्यात स्क्रॅपर तीनदा वर-खाली नेला. पहिल्या फेरीत वजनकाट्यावर चार ठिकाणी झटके दिसले, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात काट्याने हालचाल केली नाही. ड्रिलर अनुभवी गृहस्थ, "अजून एकदा नेऊ का?" असं त्यांनीच विचारलं. मी नको म्हटलं. स्वच्छ भिंतीवर उगाच पाती फिरवली तर आपणच लोखंडाचे कण तयार करतो.

मिल लायनरच्या तोंडावर टॅलीच्या अंतरालाच टेकली. थोडं वजन देऊन फिरवलं, तोंडाच्या कडेवरचं सिमेंट गेलं, टॉर्क सपाट झाला.

मग गोळी टाकून सब उघडला, मडमध्येच ६०० गॅलन चालवले, पाइप १०० आरपीएमने फिरता ठेवला. तिरक्या विहिरीत पाइप फिरल्याशिवाय खालच्या बाजूचा थर उठत नाही, नुसता प्रवाह वरच्या मोकळ्या बाजूने निघून जातो. शेकरवर (परतीच्या मडच्या हलत्या चाळणीवर) आधी बारीक सिमेंट, मग रबराचे तुकडे, मग बराच वेळ काही नाही. वर येणं थांबल्यावर पाइप वर-खाली हलवला तर पुन्हा मूठभर सिमेंट आलं. थांबलो नाही म्हणून बरं झालं. सब बंद केला तेव्हा मुख्य साहेब शेकरपाशी उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण रबराचा एक तुकडा उचलून त्यांनी नीट निरखला.

१९ फेब्रुवारी

डिस्प्लेसमेंट. बेस ऑइल सुटल्यापासून ब्राइन वर येईपर्यंत पंप थांबला नाही. पाइपात हलकं ब्राइन आणि बाहेर जड मड, त्यामुळे पंपाचा दाब चढत जातो. ते आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी घाबरून दर कमी केला नाही.

परतीची वाट बघणं हा या कामातला सर्वांत ताणाचा भाग. मड, मग पातळ झालेलं मड, मग घट्ट पिल, तिच्यामागे करड्या रंगाचं द्रावण. सीमारेषा बऱ्यापैकी स्पष्ट होती. मिसळलेला भाग वेगळ्या पिटात वळवला. मॅडम दर काही मिनिटांनी बाटलीत नमुना घेऊन उजेडाकडे धरत होत्या आणि नंतर यंत्रात घालत होत्या. ब्राइन आल्यावर गोळीने सब पुन्हा उघडला आणि ६०० वर नेलं. गढूळपणाचा उतरत चाललेला आकडा पुन्हा उसळला, तोंडाच्या वरचा उरलेला कचरा हलला होता. फिल्टर चालू ठेवून फेऱ्या घेत राहिलो. आमच्या कार्यक्रमातली १०० एनटीयूची (गढूळपणाचं माप) मर्यादा गाठून आकडा तिथे टिकला, तेव्हा पंप बंद केले.

तरी एनटीयू हा आकडा मी जपून वापरतो. तो द्रवात तरंगणारे कण सांगतो. तळाशी पडलेलं लोखंड त्याला दिसत नाही. बॅराइटची घनता पाण्याच्या ४.२ पट, पोलादाची ७.८५ पट. रबर आणि सिमेंट ब्राइनबरोबर येतील. पोलादाचा कीस ब्राइन उचलणार नाही, तो चुंबकानेच आणायला हवा. ॲल्युमिनियम २.७ पट, चुंबकाला चिकटत नाही आणि मोठा तुकडा प्रवाहाबरोबर येतही नाही. त्याच्यासाठी स्ट्रिंगमधला फिल्टर टूल आहे. पाइप उपसताना त्याचा कप केसिंगमधला द्रव जाळीतून जायला लावतो आणि घनकचरा आत अडकतो.

२० फेब्रुवारी

टूल्स वर आली. मॅग्नेट ताडपत्रीवर घेतले. काळी दाट लव, बोटभर जाड. हातमोजे घालूनच काढली, कारण आत धारदार कातळ्या असतात. धुऊन, वाळवून, पसरून ठेवली आणि गटात वेगळी केली. बरीचशी बारीक पूड होती, ती मिल स्केल (नव्या पोलादावरची काळी खपली) आणि गंज. लायनर उतरवल्यावर एवढं अपेक्षितच असतं. दुसरा गट आखूड, वळलेल्या किसाचा, तो लायनरचं तोंड मिल केल्याचा. तिसरा गट छोटा होता पण त्याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ बसलो. लांब, सपाट, एका बाजूने चकचकीत पट्ट्या. या मिलच्या नाहीत. ड्रिलिंगच्या वेळी टूल जॉइंट (पाइपचा जाड सांधा) केसिंगला घासत राहिला की अशा पट्ट्या निघतात. त्या सगळ्या वरच्या, ९ ५/८ च्या मॅग्नेटवर होत्या, लायनरच्या मॅग्नेटवर एकही नाही.

मॅग्नेटवर किती किलो आलं, हे अहवालात सगळे आधी विचारतात. मला आकार महत्त्वाचा वाटतो. पुडीचं वजन कितीही असलं तरी ती गेली म्हणजे गेली. पट्ट्या मात्र केसिंगची जाडी कुठेतरी कमी झाल्याचं सांगतात, आणि ती जागा पॅकरच्या पट्ट्यात असली तर सील नीट बसणार नाही. फोटो, मोजमाप आणि कुठल्या मॅग्नेटवर काय मिळालं ते लिहून दिलं. कॅलिपर लॉग (नळाच्या आतल्या व्यासाची मोजणी) घ्यावा अशी शिफारस केली.

फिल्टर टूल उघडला. आत ॲल्युमिनियमचे चार तुकडे, अंगठ्याएवढे, आणि प्लगचं रबर. यातलं काहीच शेकरवर आलं नव्हतं, मॅग्नेटवर तर येणारच नव्हतं. एनटीयू बरोबर होता तेव्हाही हे विहिरीतच होतं.

२२ फेब्रुवारी

कॅलिपर लॉग झाला. घासलेला भाग आहे, पण पॅकरच्या जागेच्या बराच वर, कल सुरू होतो त्या वळणापाशी. जागा बदलायची गरज पडली नाही. वळणाचा भाग केसिंगच्या ताकदीच्या नव्या हिशोबासाठी डिझाइनवाल्यांकडे पाठवला.

२४ फेब्रुवारी

पॅकर पहिल्या प्रयत्नात बसला, टेस्ट धरली. साहेबांनी पुढच्या विहिरीच्या कार्यक्रमाचा मसुदा पाठवला आहे. त्यात सर्क्युलेशन सब त्यांनीच घातला आहे, दोनदा उघडायच्या नोंदीसह. मी दोन गोष्टी सुचवल्या. त्या विहिरीत लायनर ५ इंची आहे, म्हणजे तोंडापाशी वेगाची घसरण इथल्यापेक्षा मोठी असेल, तेव्हा फिल्टर टूल तोंडाच्या शक्य तितका जवळ ठेवावा. आणि स्क्रॅपरची पाती रिगवर पोहोचल्यावर पुन्हा एकदा हाताने दाबून बघावीत.